चिल्टर्न टेकड्यांत धावण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन आणि आसपासच्या गावांतून नव्याने धावायला लागलेली मराठी मंडळी जे प्रश्न सतत पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. स्लाऊ, हॅरो, वॉटफर्ड, रेडिंग, मिल्टन कीन्स, यांपैकी कुठेही राहत असाल तर चिल्टर्न टेकड्या तुमच्यापासून फार तर तासाभरावर आहेत. तरी बहुतेक जण वर्षानुवर्षं घराभोवतीच्या रस्त्यांवरच फेऱ्या मारत राहतात. कारण विचारलं की बहुधा एकच उत्तर येतं: ‘शेतातून जायचं म्हणजे कोणी हटकलं तर?’ म्हणून प्रश्न ३ सगळ्यांनी वाचावा. बाकीचे गरजेप्रमाणे.

१. चिल्टर्न म्हणजे नेमकं कुठे? तिथे धावण्यासारखं काय आहे?

ऑक्सफर्डशायरमधल्या गोरिंगपासून ईशान्येकडे बकिंगहॅमशायर, हर्टफर्डशायर ओलांडून बेडफर्डशायरपर्यंत गेलेली ही खडूच्या दगडाची रांग आहे. १९६५ मध्ये तिला संरक्षित निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ साधारण ८३३ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच जागा वेंडोव्हर वूड्समधली हॅडिंग्टन हिल, २६७ मीटर. म्हणजे डोंगर नव्हेतच. चढउतारांची शेतं, कुरणं आणि बीच वृक्षांची जंगलं.

बीचच्या दाट सावलीत खाली झुडपं फारशी वाढत नाहीत. त्यामुळे जंगल आतून मोकळं असतं, दूरवरचं दिसतं आणि पायाखाली पानांचा थर असतो. धावायला यापेक्षा चांगली जमीन मला माहीत नाही. वर बघाल तर बहुतेक वेळा दुभंगलेल्या शेपटीची घार दिसेल. ही रेड काइट इंग्लंडमधून नामशेष झाली होती; १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पिल्लं आणून इथे सोडली आणि आता ती प्रत्येक गावावर घिरट्या घालताना दिसते.

२. मला सलग तीन किलोमीटरही धावता येत नाही. सुरुवात कुठून करू?

स्लाऊजवळच्या ब्लॅक पार्कमधून. तळ्याभोवतीची वाट सपाट आणि रुंद आहे, चुकायची भीती नाही, दमलात तर बाकं आहेत. दुसरी जागा बर्नहॅम बीचेस. हे जुनं जंगल लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने १८८० मध्ये लोकांसाठी विकत घेतलं आणि आजही तेच सांभाळतं. शेकडो वर्षं माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर छाटत आल्यामुळे तिथल्या बीचची खोडं बुटकी, फुगीर आणि पोकळ झाली आहेत. धावताना त्यांच्यापाशी थांबलात तरी हरकत नाही.

सोबत हवी असेल तर शनिवारी सकाळी ९ वाजता पार्करन. अंतर ५ किलोमीटर, शुल्क नाही, चालत पूर्ण केलं तरी चालतं. एकदा नावनोंदणी करून बारकोड घ्यायचा, तो कागदावर किंवा फोनवर जवळ ठेवायचा. चिल्टर्नच्या परिसरात ब्लॅक पार्क, वेंडोव्हर वूड्स आणि ट्रिंग इथे पार्करन होतं. पहिलं सपाट, बाकी दोन चढाची. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबाही याच पद्धतीने नोंदणी करून येऊ शकतात. अकरा वर्षांखालचं मूल मात्र पूर्ण वेळ मोठ्या माणसाच्या हाताशी हवं. चार ते चौदा वयाच्या मुलांसाठी रविवारी वेगळं २ किलोमीटरचं ज्युनियर पार्करन असतं.

३. वाट थेट कोणाच्या तरी शेतातून जाते. फाटक बंद असतं. उघडून आत गेलं तर चालतं का?

चालतं. आणि इथे ‘चालतं’ म्हणजे शेतकऱ्याची मेहेरबानी नव्हे, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे.

इंग्लंडमध्ये जमीन खासगी असली तरी तिच्यावरून जाणारी नोंदलेली पायवाट सार्वजनिक असते. डांबरी रस्त्याला जो दर्जा, तोच त्या वाटेला. ‘पब्लिक फूटपाथ’ अशी पाटी किंवा पिवळा बाण दिसला की ती वाट तुमची. चाला किंवा धावा. जमीन विकली गेली, मालक बदलला, तरी वाट राहतेच. प्रत्येक काउंटीकडे अशा वाटांचा अधिकृत नकाशा असतो आणि वाट मोकळी ठेवणं ही जमीनमालकाची जबाबदारी असते. या देशाचं नागरिकत्व नसलं, तुम्ही विद्यार्थी किंवा वर्क व्हिसावर असलात, तरी यात काहीही फरक पडत नाही.

आपल्यातले कितीतरी जण फाटकापाशी येऊन परत फिरतात, कारण बंद फाटक म्हणजे मनाई असं आपण धरून चालतो. इथे फाटक बंद असतं ते जनावरं बाहेर जाऊ नयेत म्हणून. उघडा, आत जा, आणि पुन्हा लावून घ्या. आधीच सताड उघडं ठेवलेलं दिसलं तर तसंच राहू द्या. जनावरांना पाण्याकडे जाता यावं म्हणूनही ते उघडं असू शकतं. कुठे फाटकाऐवजी लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात. त्या ओल्या असताना धावत चढू नका.

हक्क मात्र वाटेपुरता आहे, शेतापुरता नाही. वाट सोडून शेतात इकडेतिकडे हिंडता येत नाही. याला अपवाद म्हणजे २००० सालच्या कायद्याने खुली केलेली माळरानं. ती नकाशावर वेगळ्या रंगात दाखवलेली असतात. स्कॉटलंडचा कायदा अगदी वेगळा आणि अधिक मोकळा आहे, पण तो इथे लागू नाही.

४. खांबांवर पिवळे, निळे, जांभळे, लाल बाण दिसतात. त्यांचा अर्थ काय?

धावणाऱ्याला चारही वाटा खुल्या आहेत. फरक आहे तो सोबत आणखी कोण असेल याचा. पिवळी वाट फक्त पायी जाणाऱ्यांची. निळी ब्रायडलवे, तिच्यावर घोडे आणि सायकलीही येतात. जांभळीवर त्यांच्याशिवाय घोडागाड्या, तर लालवर मोटारीसुद्धा. ओकच्या फळाचं चिन्ह दिसलं तर तुम्ही राष्ट्रीय पदमार्गावर आहात. चिल्टर्नमध्ये तो बहुधा ‘रिजवे’ असतो.

घोडा दिसला की धावणं थांबवा. मागून येत असाल तर लांबूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा, म्हणजे स्वाराला आणि घोड्यालाही कळतं. मग चालत, भरपूर अंतर ठेवून पुढे जा.

५. फोनवरचा नेहमीचा नकाशा पुरेसा नाही का?

नाही. त्यात रस्ते चांगले असतात, पण कोणती वाट सार्वजनिक आणि कोणती खासगी हे कळत नाही. त्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, प्रमाण १:२५,०००. चिल्टर्नसाठी क्रमांक १७१, १७२ आणि १८१. त्यावर हिरवी आखूड तुटक रेघ म्हणजे पायवाट, हिरवी लांब तुटक रेघ म्हणजे ब्रायडलवे. काळी तुटक रेघ असेल तर जमिनीवर वाट दिसत असली तरी तिथून जाण्याचा हक्क असेलच असं नाही.

त्यांच्या ॲपमध्येही हेच नकाशे मिळतात. मार्ग आधी डाउनलोड करून ठेवा, दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. नकाशा वाचायला एक रविवार दिलात तर पुढे कोणाला मार्ग विचारावा लागणार नाही.

६. गाडी नाही. ट्रेनने जाऊन करता येण्यासारखे मार्ग सांगाल का?

गाडी नसेल तर उलट सोपं पडतं, कारण धाव एका स्टेशनावर सुरू करून दुसऱ्यावर संपवता येते.

नवख्यांसाठी माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग चेस व्हॅली वॉक: चेशम ते रिकमन्सवर्थ, सुमारे १६ किलोमीटर. दोन्ही टोकांना मेट्रोपॉलिटन लाइनचं स्टेशन. चेशमकडून सुरू केलंत तर एकूण उतार मिळतो. वाट चेस नदीच्या काठाने जाते. ही खडकातून झिरपून आलेल्या पाण्याची नदी असल्यामुळे पाणी इतकं नितळ असतं की तळाची गारगोटी दिसते. लॅटिमर गाव मागे पडलं की कुरणं लागतात, पुढे साराटच्या खाली वॉटरक्रेसचे वाफे. अर्ध्यातच दमलात तर चॉर्लीवूडकडे वळून तिथून ट्यूब पकडता येते.

दुसरा, थोडा कसाचा: ट्रिंग स्टेशनवरून आयव्हिंगहो बीकन. लंडन यूस्टनहून साधारण ४० मिनिटं, आणि वॉटफर्ड किंवा मिल्टन कीन्सहून त्याहून कमी. ट्रिंगचं स्टेशन गावापासून चांगलंच लांब आहे. बाकीच्यांची गैरसोय होते, पण धावणाऱ्याची सोय, कारण रिजवे स्टेशनच्या दारावरूनच जातो. आधी आल्डबरी नाउअर्सचं जंगल, मग एकदम झाडं संपतात आणि तुम्ही पिट्स्टन हिलच्या उघड्या गवतावर येता. डाव्या हाताला खाली शेतांच्या मधोमध एकटी पवनचक्की दिसते, तिच्या लाकडावर १६२७ हे साल कोरलेलं आहे. पुढे इनकूम होल नावाची खोल, गवताने मढलेली घळ. तिच्या काठाकाठाने चढ. मग बीकन. १३९ किलोमीटरचा रिजवे इथे संपतो, त्याचं दुसरं टोक विल्टशायरमध्ये एव्हबरीजवळ आहे. वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते.

तिथवर साडेपाच-सहा किलोमीटर. आलात तसे परत जाऊ शकता; पण दम असेल तर परतताना ॲशरिजच्या जंगलातून क्लिपर डाउनच्या वाटेने ब्रिजवॉटर स्मारकापाशी या. तिथे नॅशनल ट्रस्टचा कॅफे आहे. तिथून आल्डबरीत उतरा. गावाच्या मध्यभागी तळं आहे आणि त्याच्या काठावर गुन्हेगारांचे पाय अडकवायचा जुना लाकडी खोडा अजून उभा आहे. तिथून स्टेशन जवळच. पूर्ण फेरी १५ किलोमीटरच्या आसपास.

तिसरा, आखूड: मॅरिलबोनहून वेंडोव्हर, तिथून रिजवेने कूम हिल. वर बोअर युद्धात मेलेल्या बकिंगहॅमशायरच्या सैनिकांचं स्मारक आहे आणि समोर एल्सबरीचं सगळं खोरं. जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर. रेडिंगकरांनी गोरिंग अँड स्ट्रीटलीला उतरावं. तिथे थेम्स नदी या टेकड्या कापून जाते आणि दोन्ही काठांवर वाटा आहेत.

रविवारी रुळांच्या कामामुळे गाड्या बंद असू शकतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघा. शनिवार-रविवारी नेटवर्क रेलकार्डावर भाड्यात एकतृतीयांश सूट मिळते.

७. पुण्यात रोज वेताळ टेकडी करायचो. इथला चढ जमेल ना?

जमेल. वेंडोव्हर स्टेशन ते कूम हिल चढ शंभर-सव्वाशे मीटरचा आहे. पण चिल्टर्नमध्ये एकच चढ नसतो: चढ, उतार, दरी, पुन्हा चढ. आयव्हिंगहोच्या पूर्ण फेरीत मिळून तीनेकशे मीटर होतात. घड्याळातला प्रति किलोमीटर वेग इथे निरुपयोगी. तो पाहून चढावर जीव काढू नका. अनुभवी लोकही तीव्र चढ चालतच चढतात. मिनिटांवर धावा: आज ६० मिनिटं, बस.

८. साधे रनिंग शूज चालतील का?

जुलै-ऑगस्टमध्ये कोरडं असेल तर चालतील. ऑक्टोबर ते एप्रिल अजिबात नाही. टेकड्यांच्या माथ्यावर खडूवर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे. पाऊस पडला की ती माती बुटाला किलोकिलोने चिकटते. उतारावर माती वाहून गेलेली असते, तिथे ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. तळाला खोल दाते असलेले ट्रेल शूज घ्या. महागाचेच हवेत असं नाही, गेल्या वर्षीचं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं. पानगळीत पानांखाली मुळं लपलेली असतात, तेव्हा पाय उचलून टाका.

९. वाटेत गाई असतील तर?

हे उत्तर नीट वाचा. गाय म्हटली की आपल्याला भीती वाटत नाही, किंबहुना जवळ जाऊन हात लावावासा वाटतो. आपल्याकडची रस्त्यावरची गाय माणसाला सरावलेली असते. इथल्या कुरणातली, वासरू सोबत असलेली गाय तशी नसते, आणि इंग्लंडच्या ग्रामीण भागात माणसं जनावरामुळे जखमी होतात किंवा दगावतात ती बऱ्याचदा गाईंमुळेच.

कळप दिसला की धावणं सोडून चाला. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. लांबून वळसा घाला, त्यासाठी वाट थोडी सोडावी लागली तरी. तरुण बैल आणि कालवडी कुतूहलाने मागे येतात, पळत सुद्धा येतात. तुम्ही पळू नका. वळून उभे राहा, हात पसरा, मग शांतपणे चालत राहा. कुत्रा सोबत असेल आणि गाई अंगावर आल्या तर साखळी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

सांडाबद्दलही विचारतात. दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा सांड सार्वजनिक वाट असलेल्या शेतात सोडायला कायद्याने बंदी आहे. मांसासाठी पाळलेल्या जातीचा सांड सोडता येतो, पण सोबत गाई किंवा कालवडी असतील तरच. मनाला पटलं नाही तर दुसऱ्या वाटेने जा.

१०. आई विचारते, जंगलात साप, कोल्हे, आणखी काही असतं का?

आईला सांगा, बिबट्या नाही, अस्वल नाही, लांडगेही शेकडो वर्षांपूर्वी संपले. ब्रिटनमध्ये विषारी साप एकच, ॲडर. तो क्वचित दिसतो आणि चाहूल लागली की निघून जातो. कोल्हा माणसाला टाळतो. हरणं भरपूर आहेत. ॲशरिजमधले फॅलो नर ऑक्टोबरमध्ये माजावर येतात, घोगरं ओरडतात, एकमेकांशी झुंजतात. तेव्हा त्यांच्यापासून लांब राहा. खरी काळजी घ्यायची ती गाईंची (प्रश्न ९) आणि गोचिडांची (प्रश्न ११).

११. गोचीड चावली तर काय करायचं?

वसंत आणि उन्हाळ्यात उंच गवतातून किंवा नेच्यांमधून गेलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांत तपासा. इथली गोचीड खसखशीएवढी लहान असू शकते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ, हळू वर ओढा. काडी पेटवणं, तेल लावणं असले उपाय करू नका.

काही गोचिडी लाइम नावाचा आजार पसरवतात. चावल्यानंतर बहुधा एक ते चार आठवड्यांत गोल, पसरत जाणारा चट्टा उठतो. डॉक्टरांच्या पुस्तकांत तो गोऱ्या कातडीवर लालभडक दाखवतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो तसा उठून दिसत नाही, जांभळट किंवा नुसता गडद दिसू शकतो. चट्टा किंवा तापासारखी कणकण वाटली तर जीपीला भेटा आणि गोचीड चावली होती हे स्वतःहून सांगा. अँटिबायोटिकने हा आजार बरा होतो.

१२. हिवाळ्यात ऑफिसनंतर जाता येईल का?

डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या आत मावळतो आणि जंगलात अर्धा तास आधीच अंधार पडतो. हेडटॉर्च आणि ओळखीची वाट असेल, आणि सोबत कोणी असेल, तरच. नाहीतर हिवाळ्यात शनिवार-रविवार जंगलाचे, आठवड्यातले दिवस दिवाबत्तीच्या रस्त्याचे. उलट जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो; तेव्हा ऑफिसहून थेट ट्रेन पकडा.

१३. मी एकटी बाई आहे. एकटीने जावं का? शिवाय गावातले लोक आपल्याकडे कसे बघतात?

बऱ्याच जणी एकट्या धावतात. तरी पहिल्यांदा कोणाला तरी सोबत न्या, म्हणजे वाट ओळखीची होते. मार्ग आणि परतायची वेळ घरी सांगा, लोकेशन शेअर करा, दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. अजून एक काम आजच करा: ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ ला एसएमएस पाठवा आणि उत्तरात येणाऱ्या सूचना पाळा. त्यानंतर कॉल लागत नसेल तेव्हाही मदतीसाठी एसएमएस करता येतो.

लोकांबद्दल म्हणाल तर समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘मॉर्निंग’ म्हणतो, तुम्हीही म्हणा. कधी कोणी जरा रोखून पाहतं, हे खरं आहे. तुमचा तिथला हक्क त्या नजरेवर अवलंबून नाही. प्रश्न ३ पुन्हा वाचा.

१४. ब्लूबेल कधी आणि कुठे?

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत. बीचला पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत ही फुलं उरकून घेतात. ॲशरिजमधलं डॉकी वूड प्रसिद्ध आहे, पण त्या दिवसांत तिथे इतकी गर्दी असते की धावू नका, चाला. बाकी जंगलांतही भरपूर फुलं असतात. फोटोसाठी फुलांत शिरू नका. चिरडलेल्या पानांना अन्न तयार करता येत नाही आणि तो कंद सावरायला वर्षं लागतात.

१५. मे महिन्यात धावताना नाक वाहतं, डोळे चुरचुरतात. सर्दी आहे का?

बहुधा परागज्वर. बर्चचे परागकण मार्चअखेर ते मे, गवताचे मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत. इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं काहीच नाही आणि मग अचानक सुरू, असंही होतं. सिटिरिझीनसारखी गोळी सुपरमार्केटमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. दमा असेल तर जीपीला विचारा आणि पंप खिशात ठेवा.

१६. नकाशावर वाट आहे, पण शेत नांगरलेलं आहे किंवा त्यात पीक उभं आहे. मग?

शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला पेरणीसाठी नांगरता येते, पण १४ दिवसांच्या आत ती पुन्हा निदान एक मीटर रुंद आणि चालण्याजोगी करून द्यावी लागते. बांधालगतची वाट तर नांगरताच येत नाही. वाट करून दिली नसेल तर नकाशावरच्या रेषेवरूनच पिकातून जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. एका रांगेत जा. पीक तुडवायला आपलं मन धजत नाही, तेव्हा बांधाने वळसा घेतलात तरी कोणी सहसा बोलत नाही. पण कायद्याने हक्क रेषेवरचा आहे, बांधावरचा नाही.

१७. ऑक्टोबरमध्ये बंदुकीचे आवाज ऐकू येतात. परत फिरू का?

फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो. रविवारी आणि नाताळच्या दिवशी ती बंद असते, म्हणून बिचकत असाल तर रविवारी जा. वाटेवर माणसं दिसली तर थांबा, हात वर करा. ते गोळीबार थांबवून तुम्हाला जाऊ देतात. ठरावीक अंतराने एकसारखा ‘धाड’ आवाज येत असेल तर ती पाखरं हुसकावणारी गॅसची तोफ असते. तिचा त्रास कानांनाच.

१८. सार्वजनिक वाटेवरच ‘प्रायव्हेट’ अशी पाटी आहे. खरी मानायची का?

आधी नकाशा पाहा. बऱ्याचदा पाटी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीबद्दल किंवा मोटारींबद्दल असते, आणि वाट खुलीच असते. ‘परमिसिव्ह पाथ’ लिहिलं असेल तर ती मालकाच्या परवानगीने चालणारी वाट. ती तो बंद करू शकतो.

एका ठिकाणी मात्र अजिबात धोका पत्करू नका. वेंडोव्हरच्या नैर्ऋत्येला रिजवे पंतप्रधानांच्या चेकर्स या निवासाच्या रस्त्याला आडवा जातो. एरवी इंग्लंडमध्ये कोणाच्या जमिनीत चुकून शिरणं हा दिवाणी मामला असतो. चेकर्सच्या आवारात विनापरवाना शिरणं हा फौजदारी गुन्हा आहे. खुणा नीट लावलेल्या आहेत. वाटेवरून सरळ धावत निघून जा, फोटोसाठी कुंपणापाशी रेंगाळू नका.

१९. वाट काटेरी तारेने अडवली आहे, किंवा मालकाने येऊन अडवलं. तक्रार कुठे करायची?

आधी खात्री करा की तुम्ही खरोखर सार्वजनिक वाटेवर आहात (प्रश्न ५) आणि ती अधिकृतपणे वळवलेली नाही. वेंडोव्हर आणि ग्रेट मिसेंडनच्या बाजूला एचएस२ या नव्या वेगवान रेल्वेच्या कामामुळे काही वाटा वळवल्या आहेत. तिथे सूचनाफलक लावलेला असतो, तो पाळा.

मालकाशी जागेवर वाद घालू नका. अडथळ्याचा फोटो आणि नकाशावरचा ग्रिड संदर्भ (नेमकी जागा सांगणारे आकडे) घ्या, परत फिरा आणि काउंटी कौन्सिलच्या (बकिंगहॅमशायरमध्ये बकिंगहॅमशायर कौन्सिलच्या) ‘राइट्स ऑफ वे’ विभागाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा. वाट मोकळी करून घेणं हे त्यांचं कायदेशीर काम आहे. तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर त्याच क्रमांकावर पुन्हा लिहा, आणि त्या वाटेने जाणाऱ्या इतरांनाही लिहायला सांगा.